मातीची एक बाटली पुढच्या पिढीसाठी



बियाणे जपून ठेवण्याची रीत शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही. आपल्या आज्या-पणज्या ज्वारीचे टपोरे कणीस निवडून आढ्याला टांगत. तुरीच्या बियाण्याला राख चोळून ते मडक्यात भरत आणि मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून टाकत. पुढच्या मृगात काय पेरायचे याची ती तरतूद असे. परंतु ज्या मातीत ते बियाणे पडायचे, त्या मातीची मूठभर आठवण मात्र कुणी ठेवली नाही. माती बदलत नसते, अशीच आपली समजूत होती.

ती समजूत धरून आता चालणार नाही. गेल्या दोन पिढ्यांत आपल्या वावरांत काय काय पडले ते जरा आठवून पाहा. डीडीटी आले, शेतीतील त्याचा वापर १९८९ साली बंद झाला. बीएचसीची भुकटी पोत्यांनी आली. तिच्यावर १९९७ साली बंदी आली. ज्याला आपण थिमेट म्हणतो ते फोरेट २०२० च्या अखेरीस बंद करण्यात आले. २००२ साली बीटी कपाशीला सरकारची मान्यता मिळाली आणि पुढे पेरणीची सारी तऱ्हाच बदलली. डीएपी आणि युरिया तर दरसाल आहेतच. यांतले काय पावसाबरोबर वाहून गेले, काय मातीतच कुजून निरुपद्रवी झाले आणि काय अजून मातीत मुरून बसले आहे? हे सांगायचे तर आजच्या मातीशेजारी १९७० सालची माती ठेवून पाहावी लागेल. ती आपल्यापाशी नाही.

ही चूकभूल कुणा एकाची नव्हे. पण पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांनी हाच प्रश्न विचारला, तर त्यांनाही रिकाम्या हाती परत पाठवावे काय, याचा विचार आज करता येईल. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

नमुनापेढी म्हणजे काय?

जगात काही ठिकाणी माती, झाडांची पाने, मासे, पक्ष्यांची अंडी आणि माणसांचे रक्त यांचे नमुने ठरावीक काळाने गोळा करून वर्षानुवर्षे जपून ठेवतात. अशा कोठीला पर्यावरणाची नमुनापेढी म्हणतात. बँकेत पैसा ठेवतो तसाच हा ठेवा असतो. फरक इतकाच की, तो काढायचा दिवस आधी ठाऊक नसतो. पुढे एखाद्या विषाविषयी शंका आली की, जुना नमुना बाहेर काढून नव्या यंत्राने तपासतात. मग ते विष केव्हा आले, वाढले की घटले, हे कळते.

जर्मनीत १९७९ साली अशी पेढी प्रयोगादाखल सुरू झाली आणि १९८५ पासून ती कायमची झाली. तेथे नमुने द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत, शून्याखाली १५० अंशांपेक्षाही अधिक थंडीत ठेवतात. इतक्या थंडीत कुजणे जवळजवळ थांबते. चार शहरांतील विद्यार्थ्यांचे रक्त व लघवी यांचे नमुनेही तेथे दरवर्षी ठेवले जातात. पेट्रोलमधले शिसे काढून टाकल्यावर त्या तरुणांच्या रक्तातील शिसे खरोखर कमी होत गेले, हे या नमुन्यांनी दाखवले. आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र २००० सालापासून आले.

आता कुणी म्हणेल, फादर, ही श्रीमंत देशांची कामे. आपल्या गावात जिथे दिवसातून चार वेळा वीज जाते, तिथे असली थंडी कुठून आणायची? शंका रास्त आहे. परंतु या विद्येची सुरुवात यंत्रांनी झाली नाही. ती साध्या पिसांनी, साध्या बाटल्यांनी आणि लेकरांच्या दुधाच्या दातांनी झाली. त्या तीन गोष्टी ऐका.

पिसांनी दिलेली साक्ष

स्वीडन देशात १९५० नंतरच्या काळात शेतांतून धान्य टिपणारे पक्षी आणि त्यांना खाणारे शिकारी पक्षी मरू लागले. पेरणीच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून तेथे पाऱ्याचे औषध चोळत. आपल्याकडेही ॲग्रोसान आणि सेरेसान या नावांची पाऱ्याची औषधे बियाण्याला लावली जात असत. वडीलधाऱ्यांना ती नावे आठवतील. पण पाऱ्यानेच पक्षी मेले हे सिद्ध कसे करायचे? पारा निसर्गातही थोडा असतोच, असे म्हणून कुणीही हात झटकू शकत होता.

तेव्हा शास्त्रज्ञ संग्रहालयांत गेले. तेथे शंभर वर्षांपूर्वीचे पेंढा भरलेले पक्षी होते. त्यांची पिसे तपासली, तर १८४० ते १९४० या शंभर वर्षांत पिसांतील पारा जवळजवळ सारखाच होता आणि १९४० नंतर तो दहा ते वीस पटींनी वाढला होता. ही तपासणी १९६६ साली प्रसिद्ध झाली. बियाण्याला लावायच्या त्या जातीच्या पाऱ्याच्या औषधांवर स्वीडनमध्ये त्याच वर्षी बंदी आली. ज्यांनी ते पक्षी जपून ठेवले, त्यांच्या मनात पारा नव्हता. त्यांना पक्ष्यांची आवड होती, एवढेच.

बाटल्यांतील शेत

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने १८४३ साली गव्हाच्या शेतावर खतांचे प्रयोग सुरू केले. काही वाफ्यांना शेणखत, काहींना रासायनिक खत आणि एका वाफ्याला काहीच नाही. हे प्रयोग आजही चालू आहेत. तेथील माती, दाणे आणि काड वाळवून बाटल्यांत भरून ठेवण्याचा परिपाठ पडला आणि आज तेथे ३ लाखांहून अधिक नमुने आहेत. दुसऱ्या महायुद्धात काचेच्या बाटल्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्या लोकांनी खाण्यापिण्याच्या जिनसांचे रिकामे डबे वापरले, पण नेम मोडला नाही.

या बाटल्यांतील जुनी माती १९८० च्या दशकात तपासली गेली. तेव्हा असे दिसले की, कॅडमियम नावाचा विषारी धातू मातीत वाढत गेला आहे आणि ज्या वाफ्याला कधी खत घातले नाही, त्यातही तो वाढला आहे. म्हणजे तो हवेतून येत होता. पुढे २००५ साली त्याच जुन्या काडातील रोगजंतूंचा मागोवा घेतला गेला. गव्हाच्या पानांवरील दोन रोगांपैकी कोणता वरचढ होतो, हे कोळशाच्या धुरातील गंधकाच्या प्रमाणानुसार बदलत गेल्याचे त्यातून आढळले. लॉज यांच्या काळी हे तपासण्याची विद्याच नव्हती. बाटली आधी भरली गेली, प्रश्न दीडशे वर्षांनी आला. कोळशाच्या खाणींना लागून राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

लेकरांचे दात

तिसरी गोष्ट अमेरिकेतील सेंट लुईस शहराची. १९५० च्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्यावर होत. त्यांतून उडणारे स्ट्रॉन्शियम नावाचे किरणोत्सारी द्रव्य गवतावर पडे, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून लेकरांच्या हाडांत व दातांत उतरे. १९५८ च्या अखेरीपासून तेथील आयांनी आपल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात पाकिटात घालून पाठवावेत, असे आवाहन करण्यात आले. बारा वर्षांत सुमारे ३ लाख २० हजार दात जमले. १९६३ साली जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे द्रव्य १९५० साली जन्मलेल्यांपेक्षा सुमारे ५० पट होते. उघड्यावरील अणुचाचण्या थांबवण्याचा करार १९६३ साली झाला, त्यामागे जे लोकमत उभे राहिले त्याला या कामाने बळ दिले. उरलेले हजारो दात २००१ साली एका कोठारात सापडले आणि त्यांवर पुन्हा नवे संशोधन सुरू झाले. हे काम केले ते घरोघरच्या आयांनी.

यवतमाळ दूर नाही

आता आपल्याकडे वळू. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आहे. तेथे २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० च्या आसपास माणसे दगावली. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारली जात होती. अंगावर धड कपडा नाही, तोंडाला फडके नाही. नदीच्या अलीकडे आपणही त्याच दुकानांतील त्याच तऱ्हेची औषधे मारतो.

दवाखान्यात पहिला प्रश्न येतो: कोणते औषध होते? मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या औषधांनी रक्तातील कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य घटते; ते तपासता येते. परंतु निरोगी माणसांतही हे द्रव्य कमी-जास्त असते. तेव्हा आजचा आकडा खरोखर घटलेला आहे की नाही, हे ठरवायला त्याच माणसाचा फवारणीच्या हंगामापूर्वीचा आकडा हाताशी लागतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ही औषधे नियमित हाताळणाऱ्या मजुरांची अशी आधीची तपासणी १९७४ पासून केली जाते. तांबड्या पेशींतील हे द्रव्य मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर आले की, त्या मजुराला फवारणीवरून दूर करावे लागते. दुसरे असे की, सर्वच औषधे या तपासणीत सापडत नाहीत आणि लघवीतील खुणा तर काही दिवसांत नाहीशा होतात. नंतर तपासणे म्हणजे वरातीमागून घोडे.

यवतमाळचे प्रकरण पुढे स्वित्झर्लंडच्या न्यायालयापर्यंत गेले. तेथेही वाद हाच, की बाधा नेमक्या कोणत्या औषधाने झाली. अशा वेळी पोलिसांनी त्या दिवसांत लिहून ठेवलेल्या औषधांच्या नावांना मोल आले. गरिबाच्या बाजूने बोलणारा कागद त्या वेळीच लिहिलेला असावा लागतो.

आपल्याकडील मृदा आरोग्य कार्डाचेही असेच आहे. ही योजना २०१५ साली सुरू झाली आणि ती चांगली आहे. ज्यांनी माती तपासून घेतली नाही त्यांनी जरूर घ्यावी. त्या कार्डावर बारा उत्तरे असतात: सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. परंतु उद्या तेरावा प्रश्न विचारायचा झाला, तर कार्ड पुरत नाही. त्याला मातीच लागते.

आपल्या धर्मग्रामाने काय करावे?

मोठी पेढी उभारणे विद्यापीठांचे व सरकारचे काम आहे. आपण एक लहान, टिकाऊ गोष्ट करू शकतो. प्रत्येक गावातून तीन जागा निवडाव्यात: एक कोरडवाहू कपाशीचे वावर, एक ओलिताचे किंवा भाजीपाल्याचे वावर, आणि एक जागा अशी की जिथे कधी खत-औषध पडले नाही, जसे गायरान किंवा जंगलाची कड. ही तिसरी जागा विसरू नये. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पहिल्या दोहोंचे दोष कळत नाहीत. त्यानंतर पुढीलप्रमाणे करावे.

१. वेळ: उन्हाळ्यात, रोहिणी लागण्यापूर्वी, खत टाकण्याच्या आधी. पुढचा नमुना पाच वर्षांनी, त्याच जागी, त्याच महिन्यात.

२. माती घेणे: वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे घ्यावीत. धुरा, उकिरडा, झाडाची सावली आणि विहिरीची कड टाळावी. वरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोल खड्डा करावा. खड्ड्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत एक काप लाकडी किंवा बांबूच्या पट्टीने काढावी. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले आणि खताची रिकामी पोती वापरू नयेत.

३. वाळवणे: सर्व ठिकाणची माती धुतलेल्या सुती कापडावर एकत्र करावी. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. किलोभर माती उरेपर्यंत असेच करावे. खडे व मुळे वेचून ती सावलीत वाळवावी. वर्तमानपत्रावर वाळवू नये, शाई लागते.

४. भरणे: रुंद तोंडाच्या काचेच्या दोन स्वच्छ बरण्या घ्याव्यात. त्या उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. औषधाची बाटली कितीही धुतली तरी या कामाला घेऊ नये. एक बरणी धर्मग्रामाच्या कपाटात राहील, दुसरी शेतकऱ्याच्या घरी. एक फुटली तर दुसरी उरावी.

५. नोंद: बरणीवरील चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी, कारण शाई उडून जाते. तारीख, गाव, मंडल, पासबुकातील सर्वे नंबर, खोली आणि पीक लिहावे. त्या वर्षी पडलेली खते व औषधे यांची नावे आणि प्रमाण वहीत उतरावे.

फवारणी करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात. हंगामापूर्वी, जेथे सोय असेल तेथे कोलिनेस्टरेजची तपासणी करून तो कागद पासबुकाबरोबर ठेवावा. आणि प्रत्येक फवारणीच्या दिवशी औषधाचे नाव व बाटलीवरील त्रिकोणाचा रंग वहीत लिहावा. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. कुणाला भोवळ आली, घाम सुटला, उलटी झाली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद सोबत न्यावा.

या पेढीने काय होणार नाही

भाबडी आशा नको, म्हणून हेही सांगितले पाहिजे. वाळवलेल्या मातीत शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, जस्त, स्फुरद हे टिकतात. डीडीटीसारखी चिवट द्रव्येही पुष्कळ अंशी टिकतात. पण उडून जाणारी किंवा लवकर विघटन होणारी औषधे साध्या बरणीत टिकत नाहीत. त्यांना जर्मनीसारखी थंडीच लागते. पाणी तर बाटलीत ठेवून उपयोगच नाही. ते ताजेच तपासून आकडा वहीत लिहावा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोय नसल्यास १.५ पर्यंत चालते. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे. दरवर्षी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर त्याच विहिरीचा, त्याच हापशाचा आकडा लिहीत गेलो, तर दहा वर्षांत ती वहीच एक पेढी होईल.

माणसांचे रक्त, केस वगैरे आपण गोळा करायचे नाहीत. ते काम डॉक्टरांचे, आणि ज्याचा नमुना त्याच्या संमतीनेच व्हायचे. तसेच, एखाद्याच्या वावरात काही सापडले म्हणून त्याच्या मालाला नावे ठेवली जाऊ नयेत. यासाठी बरणीवर नाव नव्हे, तर क्रमांक राहील आणि नावांची वही वेगळी, कुलपात राहील.

हे काम चर्चचे आहे काय?

काही जण विचारतील की, मातीच्या बरण्यांशी धर्मगुरूचा काय संबंध? आपल्या कार्यालयात बाप्तिस्म्याची आणि विवाहाची नोंदवही आहे. अशा नोंदी प्रत्येक धर्मग्रामात ठेवाव्यात हे १५६३ साली ट्रेंट धर्मपरिषदेने लावून दिले. तेव्हापासून धर्मगुरू आले आणि बदलून गेले; वही राहिली. वयाचा दाखला, लग्नाचा पुरावा हवा की आजही लोक त्या वहीकडे येतात. पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवण्याची सवय आपल्या ख्रिस्तसभेला आहे आणि नमुनापेढीला पैशापेक्षा त्या सवयीचीच गरज अधिक असते. योजना येतात, अधिकारी बदलतात, प्रयोगशाळा हलतात. चर्चची वास्तू आणि शेतकऱ्याचे घर सहसा हलत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सर्वांचे सामायिक घर मानून तिची काळजी घ्यायला सांगितले. त्याच्याही फार आधीची एक गोष्ट निर्गमाच्या पुस्तकात आहे. अरण्यात इस्राएली लोकांना मान्ना मिळाला, तेव्हा परमेश्वराच्या आज्ञेवरून मोशेने अहरोनाला एक ओमर मान्ना पात्रात भरून ठेवायला सांगितले. तो खाण्यासाठी नव्हता. आपल्या वाडवडिलांना कोणत्या अन्नावर जगवले, हे पुढच्या पिढ्यांनी डोळ्यांनी पाहावे म्हणून तो ठेवला होता.

आपली काळी माती हाही आपला मान्नाच आहे. तिच्यातून आपण खातो, लेकरांची लग्ने करतो, आणि शेवटी तिच्यातच विसावतो. आपण तिच्यात काय घातले हे पुढच्यांना प्रामाणिकपणे कळावे, मग त्यात आपली चूक दिसली तरी हरकत नाही. पुढे एखाद्या विधवेला, एखाद्या आजारी लेकराच्या बापाला आपली बाजू मांडायची वेळ आली, तर त्याच्या हातात काहीतरी असावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो.

धर्मग्रामाच्या कार्यालयातील एक लोखंडी कपाट या कामासाठी मोकळे केले आहे. रविवारच्या मिस्सानंतर प्रत्येक गावच्या प्रमुखांनी आपल्या तीन जागा ठरवून वहीत लिहून द्याव्यात. वावरातील औजारे, धुतलेले कापड आणि दोन बरण्या, याहून अधिक काही लागत नाही. रोहिणी लागायच्या आत पहिल्या बरण्या भरून झाल्या पाहिजेत.